गोवा ते लिस्बन : अंतर किती?

परवा भाचा लिस्बनला निघाला. बॅगा बांधताना त्याने सहज विचारले, "मामा, लिस्बन इथून किती लांब?" संगणकावर पाहिले. दाबोळीहून सरळ रेषेत सुमारे ८,३५० किलोमीटर. थेट विमान मिळाले तर दहा तासांचे काम. पण वाटेत विमान बदलायचे म्हणून पंधरा-सोळा तास तरी धरावे लागतात. उत्तर दिले खरे, पण माझे समाधान झाले नाही.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला, तो २० मे १४९८ ला कालिकतला पोचला. पुढे वाट मळली. जहाजे मार्च-एप्रिलमध्ये तिकडून सुटत आणि पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास मांडवीत शिरत. परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे इथल्या गव्हर्नराने जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात हाती पडायचे. वीस महिने! तोवर मूळ प्रश्न तरी कुठे उरलेला असणार?

नावेलीचे फ्रान्सिस्को लुईश गोमीश लिस्बनच्या संसदेत गोव्याची बाजू मांडत. १८६९ मध्ये आजारी असताना ते घरी यायला निघाले आणि ३० सप्टेंबरला जहाजावरच वारले. वय अवघे चाळीस. सुवेझ कालवा खुला झाला तो त्यानंतर दीडएक महिन्याने.

सर्वांत विचित्र काळ मात्र १९५५ नंतरचा. त्या वर्षी ऑगस्टच्या सत्याग्रहावर गोळीबार झाला, भारताने संबंध तोडले, रेल्वे थांबली. दाबोळीचा विमानतळ त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाला होता आणि 'टाईप' नावाची पोर्तुगीज हिंदुस्थानची विमान कंपनीही निघाली होती. तिची विमाने समुद्रावरून दमण, दीव आणि १,२७० किलोमीटरवरच्या कराचीला जात. पुढे डीसी-४ आले. वेग ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे लिस्बनपर्यंत नुसते हवेतच तेवीस तास, थांबे वेगळे. तरी सहा महिन्यांची वाट दीड-दोन दिवसांवर आली म्हणायची. आणि मुंबई? ती जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. तिथे हजारो गोंयकार नोकरीला होते, पण घरी यायचे तर वाट बंद. पाखल्यांच्या राज्यात कराची जवळ आणि कारवार लांब!

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज विमाने अंधारात कराचीकडे उडाली. मुंबईची वाट मोकळी झाली आणि लिस्बन एका रात्रीत दूर गेले. मुलगा तिकडे शिकायला आणि आईबाप इकडे, अशा घरांचे काय झाले असेल? दोन देशांचे संबंध पुन्हा जुळले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. तेरा वर्षांनी.

भाच्याला यातले काही सांगणे झाले नाही. गाडी दारात उभी होती.