अभ्यंग
अभ्यंग : साध्या अथवा औषधिसिद्ध तेलाने सर्वांगास मर्दन करण्याचा आयुर्वेदोक्त उपचार (पहा : आयुर्वेद). चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात त्याचे विधान असून, कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथातील स्नानभोगाच्या वर्णनातही तैलमर्दनाचा अंतर्भाव आहे.

तेलाची निवड ऋतू, प्रकृती व दोष यांस अनुसरून होते (पहा : त्रिदोष), वातशामक म्हणून श्रेष्ठ गणलेले तिळाचे तेल कोमट करून मस्तक, कर्ण व पादतल यांस विशेषेकरून लावतात, आणि हातापायांवर लांब, तर सांध्यांवर वर्तुळाकार मर्दन करून ते जिरल्यावर स्वेदन अथवा उष्णोदकाचे स्नान देतात. कफविकार, नवज्वर व अजीर्ण यांत, तसेच शोधनोपचार नुकताच झाला असता, अभ्यंग निषिद्ध आहे.

श्रमपरिहार, निद्रा, त्वचेची दृढता व वातशमन ही त्याची ग्रंथोक्त फले असून, दिनचर्येचा भाग म्हणून निरोगी मनुष्यास व बाह्य स्नेहन या रूपाने पंचकर्माच्या पूर्वकर्मात रुग्णास तो विहित आहे (पहा : पंचकर्म). महाराष्ट्रात नरकचतुर्दशीस सुगंधी तेल व उटणे लावून अभ्यंगस्नान करण्याचा, तसेच बाळ-बाळंतिणीस तेल लावण्याचा प्रघात आहे (पहा : दिवाळी).