सिकलसेलची वेदना आणि जीवनगुणवत्तेचे मोजमाप : बालाघाटच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

एखादे औषध उपयोगी पडले की नाही, हे वैद्यकीय संशोधनात दीर्घकाळ मृत्यूंची संख्या, तापाचा पारा आणि रक्ताचा अहवाल यांवरून ठरत असे. रुग्णाला झोप लागते का, तो कामावर जाऊ शकतो का, हे प्रश्न गौण मानले जात. गेल्या पाऊणशे वर्षांत ही दृष्टी बदलली. या बदलाचा इतिहास मध्य प्रदेशातील बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मध्य भारताच्या सिकलसेल पट्ट्यात मोडणाऱ्या या जिल्ह्यात गोंड व बैगा समाजाची मोठी वस्ती आहे. सिकलसेलचे रक्तातील निदान प्रयोगशाळेत होते. परंतु त्याचे मुख्य लक्षण जी वेदना, ती कोणत्याही यंत्रात दिसत नाही.

रुग्णाच्या शब्दांना महत्त्व देण्याची परंपरा मात्र जुनी आहे. इब्न सीना यांनी अकराव्या शतकात ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथात वेदनेचे १५ प्रकार सांगितले. टोचणारी, ठणकणारी, जडपणाची असे हे भेद रुग्णाने सांगितल्याशिवाय हकिमाला कळणे शक्य नव्हते.

आधुनिक काळात १९४८ साली अमेरिकेत कार्नोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी ० ते १०० अशी मापनपट्टी वापरली. रुग्ण स्वतःची कामे कितपत करू शकतो हे तीत पाहिले जाई. पण गुण देणारा डॉक्टरच असे. त्याच वर्षी अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, अशी व्याख्या केली. पुढे प्रश्नावली रुग्णाच्या हाती आली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ३६ प्रश्नांची ‘एसएफ-३६’ त्यांपैकी सर्वांत प्रचलित ठरली. १९९१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने १५ केंद्रांच्या साह्याने ‘डब्ल्यूएचओक्यूओएल’ ही प्रश्नावली तयार केली. त्यांत नवी दिल्ली व मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती. माणूस आपल्या संस्कृतीच्या व मूल्यांच्या चौकटीत स्वतःच्या जीवनाकडे कसा पाहतो, हा तिचा पाया होता. म्हणूनच श्रद्धा व अध्यात्म यांनाही तीत स्थान मिळाले.

सिकलसेलचा इतिहास याला समांतर आहे. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली या रोगाचे पहिले वर्णन केले. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते. रोगाचा पट्टा अर्थातच राज्याच्या नव्या सीमेपाशी थांबला नाही.

१९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. हे यश मोठेच होते. मात्र दवाखान्यात चार तासांहून अधिक काळ उपचार घ्यावे लागले, तरच त्या चाचणीत झटका मोजला जाई. घरी सोसलेल्या वेदनेचे काय? त्याचे उत्तर २००८ साली मिळाले. व्हर्जिनियातील २३२ प्रौढ रुग्णांनी रोजच्या वेदनेची डायरी ठेवली. नोंदलेल्या दिवसांपैकी ५४.५ टक्के दिवस वेदनेचे होते. दवाखान्याची मदत घेतलेले दिवस केवळ ३.५ टक्के होते. वेदनेचा फारच थोडा भाग दवाखान्याच्या नोंदीत उतरत होता.

हे निष्कर्ष रस्ते, वाहने व दवाखाने असलेल्या प्रदेशातील आहेत. बैहरच्या जंगलपट्टीतील गावात दवाखान्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तेथे केवळ दवाखान्याच्या नोंदींवर विसंबले, तर रोग सौम्य आहे असा भलताच निष्कर्ष निघू शकतो. म्हणून रुग्णालाच विचारणे आवश्यक ठरते, आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. ‘एसएफ-३६’च्या मूळ इंग्रजी प्रश्नावलीत मध्यम श्रमाचे उदाहरण म्हणून गोल्फ खेळणे व व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे दिलेले आहे. बालाघाटच्या घरांत गोंडी, पोवारी, मराठी व हिंदी बोलली जाते. तेथे धानाची रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपत्ता तोडणे या कामांविषयी विचारले तरच प्रश्न कळेल. त्यासाठी भाषांतर, जाणकारांकडून तपासणी, मूळ भाषेत उलट भाषांतर आणि प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी हे टप्पे सर्वमान्य आहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. तीन वर्षांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट तेव्हा ठरले. तपासणीमुळे रुग्ण किती हे समजते; त्यांचे दिवस कसे जातात हे समजत नाही. शाळेचे बुडालेले दिवस आणि झोपेविना गेलेल्या रात्री मोजल्या गेल्या नाहीत, तर उपचाराने नेमके काय साधले हेही कळणार नाही.

समाजशास्त्र, भाषा, संख्याशास्त्र व गृहविज्ञान शिकवणाऱ्या अध्यापकांना या कामात वाव आहे. प्रश्न स्थानिक बोलीत नेमका मांडणे, तो विनयाने विचारणे आणि उत्तर जसेच्या तसे नोंदवणे हे विद्यार्थ्यांना शिकवता येते. वेदनेचा पहिला साक्षीदार रुग्ण स्वतः असतो. त्याची साक्ष त्याच्याच भाषेत घेतली जावी, हाच या इतिहासाचा बोध होय.