कागदावरचा डोंगर

कोणतेही मोठे बांधकाम जमिनीवर उभे राहण्यापूर्वी ते कोणाच्या तरी मनात उभे राहिलेले असते. मनातले कागदावर उतरते, कागदावरचे कंत्राटदाराकडे जाते, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून गवंड्याच्या हाती येते. या प्रवासात पुष्कळ काही सांडते. जे सांडते त्याची किंमत बहुधा आराखडा काढणारा मोजत नाही. ती मोजतो शेवटच्या पायरीवरचा मजूर. ही सांडलवंड थांबविण्यासाठी माणसाने काय केले, हे समजून घ्यायचे तर खालापूर तालुक्यातील चौकच्या परिसराकडे पाहावे. एका बाजूस इर्शाळगड, दुसऱ्या बाजूस बोरघाट, आणि मधून गेलेला जुना मुंबई-पुणे रस्ता. येथल्या भूमीने बांधकामाची दोन शतके पाहिली आहेत.

१८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्यानंतर पाव शतकाने रेल्वे आली. १८५६ साली ती खोपोलीपर्यंत पोचली आणि १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्गही तयार झाला. मध्ये उरला तो घाट. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे, पालखीतून वा तट्टावरून घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. कर्जतच्या बाजूने हा घाट रेल्वेने चढावयाचा, हे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि १८६३ साली पूर्ण झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे आणि खोल दऱ्यांवरील पूल असे त्याचे स्वरूप होते. १८६१ साली एका वेळी बेचाळीस हजार माणसे तेथे राबत होती.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी वर्षानुवर्षे डोंगर मोजून आराखडे सिद्ध केले होते. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कागदावरचा डोंगर आणि प्रत्यक्षातला डोंगर यांच्यात अंतर होते, आणि त्याहून मोठे अंतर माणसामाणसांत होते. कंपनीचे संचालक लंडनला, कचेरी मुंबईस, कंत्राटदार घाटात, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, आणि सर्वांच्या तळाशी कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारा मजूर. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या प्रश्नावरून घाटात दंगल उसळली. वरून निघालेला पैसा खालपर्यंत पुरता पोचत नव्हता. त्याच वर्षी पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर अल्पावधीतच मरण पावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी मायदेशी परत न जाता ते कंत्राट स्वतःच्या शिरावर घेतले आणि जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्याने पुरे केले. दरम्यान पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. त्यांची नावे कोणत्याही आराखड्याच्या समासात नाहीत. पुढे १८६७ साली या घाटातील एक मोठा पूल कोसळला. नकाशावर तो भक्कम होता. दगड आणि चुना रचणाऱ्या कामात खोट राहिली होती.

कागदाची ही मर्यादा विसाव्या शतकातही तशीच राहिली. वास्तुविशारद इमारतीचे रूप काढी, दुसरा अभियंता खांब-तुळया काढी, तिसरा पाण्याचे नळ, चौथा विजेच्या तारा. प्रत्येकाचा कागद आपल्या जागी अचूक. पण चारही कागद एकत्र कोणी पाहावेत? मग स्लॅब पडल्यावर ध्यानात यावे की जेथून नळ जावयाचा तेथेच तुळई आहे. त्यानंतर छिन्नी-हातोडा, तोडफोड, खर्च आणि वाद.

यावर १९७० च्या दशकात अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन या संशोधकाने एक साधा विचार मांडला. संगणकात रेषा न काढता प्रत्यक्ष वस्तूच नोंदवावी. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. तिला लांबी, उंची, जाडी, साहित्य आणि शेजारच्या दारखिडक्यांशी नाते आहे. ती एकदा नोंदवली की नकाशा, छेद, मोजमापे ही सारी त्या एकाच नोंदीतून निघावीत, आणि एका ठिकाणी बदल केला की तो सर्वत्र आपोआप व्हावा. १९८० च्या दशकात बुडापेस्टच्या गाबोर बोयार यांच्या संस्थेने ‘आर्किकॅड’ ही आज्ञावली बाजारात आणली, २००० साली ‘रेव्हिट’ आली, आणि या पद्धतीस ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’, हे नाव रूढ झाले. आता निरनिराळ्या अभियंत्यांच्या प्रतिकृती संगणकात एकमेकींवर ठेवल्या जातात. नळ तुळईला कोठे भिडतो, हे वीट रचण्याआधीच दिसते. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र शासनाच्या बांधकामांसाठी ही पद्धत सक्तीची केली.

आपल्या वाचकांना याचे एक उदाहरण जवळचे वाटेल. बार्सिलोना येथील पवित्र कुटुंबाच्या महामंदिराचे, म्हणजेच साग्रादा फामिलियाचे, काम १८८२ साली सुरू झाले. १८८३ पासून ते अंतोनी गाउदी यांच्याकडे आले. त्यांच्या कल्पनेतील वक्राकार छते कागदावर मावणारी नव्हती. म्हणून त्यांनी प्लॅस्टरच्या प्रतिकृती घडविल्या. १९२६ साली ते निवर्तले, आणि १९३६ च्या यादवी युद्धात त्यांची कार्यशाळा जाळली गेली, प्रतिकृतींचा चुराडा झाला. ते तुकडे जोडत जोडत पुढील पिढ्यांनी काम चालू ठेवले. १९७९ पासून या कामात असलेले मार्क बरी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या तुकड्यांतील भूमिती संगणकात उतरविली; त्यासाठी विमाने घडविण्याच्या उद्योगातील आज्ञावली वापरली. २०१० साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या हस्ते त्या मंदिराचे अभिषेचन झाले. यंत्राने येथे गाउदींची जागा घेतली नाही. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही अशा पिढ्यांचे हात त्याने एका चित्राभोवती आणले.

आपल्या महाराष्ट्रात या पद्धतीचे ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे. सुमारे ३८ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यासाठी तेथे ‘पाच परिमाणांची’ प्रतिकृती वापरण्यात आली. लांबी, रुंदी, उंची ही तीन. चौथे वेळापत्रक आणि पाचवे खर्च. कोणता खांब कोणत्या दिवशी उभा राहावयाचा आणि त्यावर किती रक्कम खर्ची पडावयाची, हे एकाच चित्रात दिसू लागले. या मार्गाचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये खुला झाला आणि पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. बोरघाटात १८५९ साली नेमका हाच धागा तुटला होता: झालेले काम, उलटलेला दिवस आणि चुकता झालेला पैसा यांचा मेळ. अर्थात प्रतिकृतीत रक्कम दिसली म्हणून ती मजुराच्या हाती पडतेच असे नाही. तेवढ्यासाठी अद्यापही माणसाची नियतच लागते.

चौकच्या परिसरातही पुन्हा डोंगर फोडले गेले आहेत. पनवेल ते कर्जत या उपनगरी रेल्वेमार्गाच्या प्रकल्पास २०१६ साली मंजुरी मिळाली. चौक हे त्यावरील एक स्थानक, आणि वावर्ले येथील बोगदा २,६२५ मीटर लांबीचा. पूर्वजांनी ज्या खडकावर छिन्नी चालविली त्याचेच हे भाईबंद.

मात्र याच चौकजवळ, इर्शाळगडाच्या उतारावर, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी मातीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

यादीत नसलेली वाडी कोणत्याही प्रतिकृतीत येत नाही. संगणक आपल्याला सांगतो ते आपण त्याला सांगितलेलेच. नळ आणि तुळई यांची टक्कर तो दाखवील, कारण दोहोंची नोंद कोणीतरी केलेली असते. पाणी मुरलेला डोंगर आणि त्याखाली निजलेले कुटुंब यांची टक्कर दाखवावयाची, तर त्या दोहोंचीही नोंद कोणीतरी आधी केलेली असावी लागते. त्यासाठी पायवाट चढून वाडीत जावे लागते, म्हाताऱ्यांना विचारावे लागते की पावसात झरा कोठून फुटतो आणि जमिनीला भेग कोठे पडते.

बोरघाटातील मजुरांची नावे कागदावर आली नाहीत, आणि इर्शाळवाडीचे नाव यादीत आले नाही. दोन घटनांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे; उणीव मात्र एकच आहे. साधन कितीही सूक्ष्म झाले तरी कोणाची गणना करावयाची, हे माणूसच ठरवितो. आपल्या मुलांपैकी अनेक जण आज अभियांत्रिकी शिकत आहेत. उद्या ती या प्रतिकृती घडवतील. त्यांना आज्ञावली शिकविणारे पुष्कळ भेटतील. डोंगराखाली कोण राहते हे आधी विचारावे, एवढे मात्र आपण घरीच शिकवायला हवे.