समृद्धीची सुवार्ता (मराठवाडा व परभणी)

देवाची इच्छा श्रद्धावंताला आरोग्य आणि ऐहिक भरभराट देण्याचीच आहे. विश्वास, मुखाची कबुली आणि दान यांच्या बळावर ती मिळवता येते, असे शिकवणारा आधुनिक ख्रिस्ती प्रवाह. उगम अमेरिकेत. ई. डब्ल्यू. केन्यन (1867–1948) यांच्या लेखनातील सूत्रे केनेथ हेगिन (1917–2003) यांनी पुढे नेली. ओरल रॉबर्ट्स (1918–2009) यांनी देणगीला ‘विश्वासाचे बी’ मानले : पेराल त्याच्या कितीतरी पट मिळेल. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेरलेले उगवतेच असे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. मलाखी 3:10 आणि मार्क 11:24 ही नेहमीची आधारवचने. ती संदर्भ सोडून घेतली जातात, असा आक्षेप ख्रिस्ती धर्मपंडितांचाच आहे. 2010 मध्ये केप टाउन येथे भरलेल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींच्या लोझान परिषदेच्या जाहीरनाम्यातही या शिकवणीवर टीका आहे.

पूर्वपीठिका : मराठी मुलखात चंगाई (प्रार्थनेने रोग बरे होणे) आणि पवित्र आत्म्याचा अभिषेक या गोष्टी दूरचित्रवाणीच्या फार आधी आल्या. पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) केडगाव येथील मुक्ती सदनात जून 1905 मध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. अंगात अग्नी उतरल्याचा अनुभव त्यांनी सांगितला. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ मानले जाणारे लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट जागरण त्यानंतर, 1906 मधले. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स (1859–1912) यांनी केडगावच्या अनुभवावर पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिलीतील वालपाराइसोला मिशनरी हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीला चालना मिळाली. जागतिक इतिहासांत हा मराठी धागा बहुधा तळटिपेत जातो. मुक्ती सदनही विश्वासावर चालत असे, पण मागणे अन्नवस्त्राचे व निवाऱ्याचे होते, श्रीमंतीचे नव्हे.

त्याआधी जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथे ऐहिक उन्नतीचा मार्ग जमीन, विहिरी आणि कारागिरी यांतून जात होता. कृ. र. सांगळे यांचे ख्रिस्ती कीर्तन आणि ना. वा. टिळकांची (1861–1919) भजने हीदेखील लोकप्रिय माध्यमेच होती; टाळ-मृदंगावर आलेली ही सुवार्ता दुःख सोसण्याला अधिक जागा देते.

प्रसार : रोमन कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ 1972 मध्ये मुंबईत आली, तिला समृद्धीवादी म्हणणे सरसकट योग्य नाही. दक्षिणेत डी. जी. एस. दिनकरन (1935–2008) यांच्या ‘जीझस कॉल्स’ने सभा व दूरचित्रवाणी यांची सांगड घातली. फेब्रुवारी 2004 मध्ये चंगाई सभा घेणारे दूरचित्रवाणी प्रचारक बेनी हिन यांच्या सभा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाल्या. गर्दीचे आकडे परस्परविरोधी असल्याने येथे दिलेले नाहीत. हिन यांनी 2019 मध्ये समृद्धीच्या शिकवणीपासून आपण दूर होत असल्याचे जाहीर केले.

लोकसंस्कृती : अभिनेते जॉनी लीव्हर ख्रिस्ती सभांमधून साक्ष देतात. पंजाबातील ख्रिस्ती प्रचारक बजिंदर सिंग यांच्या सभेतील चंगाईचे एक दृश्य मोबाइलवर इतके फिरले, की ते विनोदाचा विषय झाले. ख्रिस्ती नसलेल्या तरुणांना ही शैली ठाऊक झाली ती बहुतांशी अशा चित्रफितींतून. सिंग यांना 2025 मध्ये मोहालीच्या न्यायालयाने बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप सुनावली.

कायदा : महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे व लोकांना फसवणे हा गुन्हा आहे. प्रार्थना, कीर्तन आणि पूर्वीच्या संतांचे चमत्कार सांगणे यांना तो लागू नाही. कोणत्याही एका धर्मापुरता तो नाही.



परभणी जिल्हा : लोकसंख्या 18,36,086 (2011), ख्रिस्ती अत्यल्प. कॅथलिक मंडळी औरंगाबाद धर्मप्रांतात (स्था. 1977) मोडते. आरोग्य-भरभराटीच्या अशाच मागण्यांच्या नवसासाठी परभणीचा तुराबुल हक दर्गा आणि पोखर्णीचा नृसिंह ही जुनी ठिकाणे. दर्ग्याच्या फेब्रुवारीतील उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात.