पुन्हा लग्न केले, तर पेन्शनचे काय?

मूलहून गडचिरोलीला निघाले की वाटेत सावली लागते आणि पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. इथली अनेक मुले पोलिसात जातात. 2009 हे एकच वर्ष आठवून पाहा. फेब्रुवारीत मरकेगावला 15, मे महिन्यात हत्तीगोटा येथे 16 आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरीजवळ 17 पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत शहीद झाले.

अशा जवानामागे पुष्कळदा पंचविशी-तिशीतली पत्नी राहते. तिने पुन्हा संसार मांडला, तर पेन्शन चालू राहते की बंद होते? या प्रश्नाची मुळे दीडशे वर्षांमागे जातात.

1856 साली ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. लग्नाला मान्यता मिळाली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क काढून घेतला, जणू ती त्या दिवशी मरण पावली! वास्तविक आपल्याकडच्या अनेक जातींत पाट लावण्याची रीत जुनीच होती. गोंड समाजातही विधवेचे दुसरे लग्न, कधी धाकट्या दिराशी, होत असे. म्हणजे समाजाने जिथे आडकाठी केली नव्हती, तिथे ती कागदाने केली.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर पतीकडून एकदा मिळालेला वाटा पुनर्विवाहानेही जाईनासा झाला. पेन्शनमध्ये मात्र जुना विचार टिकला. केंद्राची 1964 ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना असो की राज्याचे 1982 चे नियम, विधवेची पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच. मुले असली तर ती पुढे त्यांच्या नावे होई, पण ठरावीक वयापर्यंतच. मग आधार सोडायचा की एकटेपण सोसायचे, एवढेच त्या बाईच्या हाती उरे.

हा विचार सावकाश बदलला. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने अपत्य नसलेल्या विधवेला, तिचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर, पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू ठेवली. महाराष्ट्रानेही 2015 मध्ये पुनर्विवाहित विधवांसाठी हे दार उघडले. सैन्यात शौर्यपदकाचा भत्ता टिकवायचा तर विधवेने दिराशीच लग्न केले पाहिजे, अशी अट होती. तीही 2017 मध्ये गेली.

तरीही लग्नाआधी चौकशी करावी. नवरा राज्य पोलिसात होता की केंद्रीय दलात, भरती कोणत्या सालची, मुले आहेत का, यावर नियम बदलतो. उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावे.

पेन्शन ही सरकारची खैरात नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये नाकरा खटल्यात स्पष्ट केले. जंगलातला पोलीस असो की आगीत शिरलेला अग्निशमन जवान, त्याची सेवा त्याच्या पत्नीने पुन्हा कुंकू लावल्याने पुसली जात नाही.