कार्ल्याचा डोंगर

कार्ल्याचा डोंगर हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या पूर्वेस सुमारे ११ किलोमीटरवर असलेला एक लहान डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी वेहेरगाव वसले असून या गावाचे नाव 'विहार' शब्दावरून आले असावे, असे मानले जाते. डोंगराच्या पश्चिमेकडील कड्यात कार्ले लेणी कोरलेली आहेत आणि लेण्यांच्या अंगणातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. मुंबईच्या कोळीवाड्यांत या जागेला 'कार्ला गड' किंवा नुसते 'गड' म्हणतात. प्रत्यक्षात हा किल्ला नाही. खरे किल्ले समोर, दरीपलीकडे आहेत.

स्थान व भूरचना

बोरघाट चढून आल्यावर जी रुंद दरी लागते, तिच्या उत्तर अंगाला हा डोंगर उभा आहे. दरीतून इंद्रायणी नदी पूर्वेकडे वाहते व पुढे देहू आणि आळंदीला जाते. लेणी पायथ्याच्या मैदानापासून सुमारे ११० मीटर उंचीवर आहेत. सह्याद्रीच्या मानाने ही उंची किरकोळ आहे. खडक काळा बेसाल्ट असून कडा ताशीव असल्याने लेणी कोरण्यास तो सोयीचा ठरला.

कोकणातील कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतून घाटमाथ्यावर जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच दरीतून जात असे. आजचा जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग हे तिन्ही याच दरीत आहेत. डोंगराचा सारा इतिहास या वाटेशी बांधलेला आहे. भिक्षू येथे राहिले ते वाटेच्या आधाराने, सैन्ये येथे भिडली ती वाटेसाठी, आणि समुद्रकाठचे भाविक शेकडो वर्षे हाच घाट चढून देवीला येत आहेत.

लेणी

शिलालेखांत या स्थळाचे नाव 'वलूरक' असे आढळते. येथील चैत्यगृह हे भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे समजले जाते. सभागृहाची लांबी सुमारे १२४ फूट व रुंदी सुमारे ४५ फूट आहे. एकूण ३७ खांबांपैकी दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांवर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली युगुले कोरली आहेत; स्तूपामागील सात खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत. छताच्या कमानीला लावलेल्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही टिकून आहे. दगडी लेण्यात लाकूड टिकावे, हे या लेण्याचे खरे नवल. पण बहुतेकांचे लक्ष हत्तींकडे जाते आणि मान वर करून छत पाहणारे थोडे असतात. चैत्य पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर दर्शनी कमानीतून ऊन आत येते. छत नीट पाहायचे असेल तर हीच वेळ चांगली.

वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे येथील एका लेखात म्हटले आहे. अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट या नगरातील दाते पुष्कळ असून काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त (उषवदात) याने वलूरकातील भिक्षूंना करजिक हे गाव दान दिले. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केल्यावर तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा देण्यात आले. सत्ता बदलली तरी दान कायम राहिले. या दुसऱ्या लेखातील आज्ञा 'मामाल' येथील अमात्याला उद्देशून आहे. 'मावळ' हे नाव त्यावरूनच आले, असे अभ्यासक मानतात.

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील मोठे चैत्यगृह कार्ल्याच्या नमुन्यावर कोरलेले आहे. त्यामुळे मुंबईकराने कान्हेरी पाहिली असेल, तर कार्ल्याची धाटणी त्याच्या परिचयाची असते.

एकवीरा

चैत्यासमोर डाव्या हाताला चार सिंहांचा स्तंभ उभा आहे. उजवीकडे असाच दुसरा स्तंभ असावा. त्या जागी आज एकवीरेचे मंदिर आहे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका सांगितली जाते. एकवीरा हे परशुरामाची माता रेणुका हिचे रूप मानले जाते. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू इत्यादी समाजांतील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता आहे.

समुद्रावर जगणाऱ्यांची देवी घाटमाथ्यावरील डोंगरात कशी, असा प्रश्न नवख्याला पडतो. बंदर आणि घाट यांना जोडणारी वर सांगितलेली वाट ध्यानात घेतली, तर त्यात फारसे आश्चर्य उरत नाही. बॅकबेच्या काठावरील कफ परेडचे मच्छीमार नगर असो की वरळी, वर्सोवा येथील कोळीवाडे, होड्यांवर आणि घरांच्या दारांवर एकवीरेचे नाव दिसते. लग्नानंतर जोडप्याने गडावर जाणे, नवस फेडणे आणि बाळाला देवीच्या पायांवर घालणे या चाली अजून चालू आहेत.

मुख्य यात्रा चैत्रात भरते. शुद्ध षष्ठीला जवळच्या देवघर गावी देवीचा भाऊ मानल्या जाणाऱ्या भैरवनाथाचा उत्सव होतो, सप्तमीला गडावर देवीची पालखी निघते आणि अष्टमीला तेलवण होते. नवरात्रातही मोठी गर्दी असते. अनेक मंडळे कोकणपट्टीतून आणि मुंबईतून पालखी घेऊन पायी येतात.

एकच अंगण

लेणी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक आहे आणि मंदिर हे जागते देवस्थान आहे. दोहोंना मिळून अंगण एकच, तेही अरुंद. यात्रेच्या दिवशी लेणी पाहायला आलेल्याला खांबांवरील लेख वाचता येत नाहीत. उलट दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकाला आपण दोन हजार वर्षे जुन्या विहारांसमोर उभे आहोत, हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. यात्राकाळात प्रशासन पशुबळी, मद्य व फटाके यांवर बंदी घालते. यामागे केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. कड्यावर आग्यामोहोळे असतात आणि धुराने उठलेल्या माश्यांनी भाविकांना दंश केल्याच्या घटना घडल्या आहेत. वृद्धांच्या सोयीसाठी रज्जुमार्गाचा प्रस्ताव मांडला गेला आहे. त्याने पायऱ्यांवरील ताण कमी होईल, पण अंगण रुंद होणार नाही.

परिसर

दरीच्या दक्षिणेस भाजे लेणी आणि त्यांच्या माथ्यावर लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले आहेत. विसापूर इंग्रजांनी मार्च १८१८ मध्ये घेतला आणि पाठोपाठ लोहगडही पडला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांत लोहगड आहे. त्याआधी, जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज याच दरीत अडवली गेली. मराठी बखरींत व बोलण्यात 'इष्टुर फाकडा' म्हणून राहिलेला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला आणि फौजेला वडगावचा तह करावा लागला.

लोणावळ्याच्या बाजूला वळवणचे धरण आहे. त्याचे व शेजारच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवली गेली. परळ-लालबागचे माग मावळच्या पावसावर चालले, हे त्या गिरणगावात फार थोड्यांना ठाऊक असेल.

दरीत पावसाळ्यात भाताची खाचरे भरतात. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात विकसित झालेला 'इंद्रायणी' तांदूळ येथले मुख्य पीक. महामार्गालगतची खाचरे मात्र बंगले व विश्रामगृहांखाली जात आहेत. डोंगरावरून हा बदल स्पष्ट दिसतो.

जाण्याचा मार्ग

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोणावळा लोहमार्गाने सुमारे १२८ किलोमीटर आहे. मच्छीमार नगरहून टर्मिनसपर्यंत बस किंवा टॅक्सी सोयीची. लोणावळ्याहून पुण्याकडील लोकलने पहिले स्थानक मळवली. तेथून उत्तरेस डोंगर व दक्षिणेस भाजे असल्याने दोन्ही एका दिवसात पायी पाहता येतात. मात्र लोकलच्या फेऱ्या मर्यादित असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. रस्त्याने आल्यास जुन्या महामार्गावरील कार्ला फाट्यावर वळावे. पायथ्यापासून सुमारे ३५० पायऱ्या आहेत व त्यांच्या दुतर्फा ओटीचे सामान, हार आणि पेढे यांची दुकाने आहेत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात व कड्यावरून दगड सुटतात.