तापत्या बुटांची कुळकथा

बॅटरीवर तापणारे बूट आज स्कीइंग करणाऱ्या हौशी मंडळींच्या, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकून बसणाऱ्यांच्या आणि आठ हजार मीटरच्या शिखरांवर जाणाऱ्या गिर्यारोहकांच्या पायांत दिसतात. त्यांची कुळकथा सहसा बुटांच्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण म्हणून सांगितली जाते: आधी गवत, मग लोकर, मग रबर आणि अखेर वीज. ही वंशावळ मला पटत नाही. विजेवर तापणारं पादत्राण चालणाऱ्या माणसाच्या गरजेतून आलेलं नाही. थंडीत एका जागी जखडून बसावं लागणाऱ्या माणसासाठी ते तयार झालं आणि त्याचं मूळ घर विमानात आहे. हे मूळ लक्षात घेतलं, की हे बूट कुठे कामाला येतात आणि कुठे दगा देतात याचा उलगडा आपोआप होतो.

चालणाऱ्यांनी आपला प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. १९९१ साली आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या पायांत अस्वलाच्या कातड्याचे तळ असलेले बूट होते आणि आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी विणून तिच्यात सुकं गवत भरलेलं होतं. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बुटांत असंच गवत घालत आणि मुक्कामाला पोचलं की ते काढून वाळवत. अमुंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांनी हे बूट आणि हे गवत सोबत नेलं होतं. गवताचं काम दुहेरी होतं: हवा धरून ठेवायची आणि घाम टिपायचा. ऊब मात्र बुटाने कधीच दिली नाही. ती मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू निर्माण करत आणि रक्त ती बोटांपर्यंत नेत असे. पावलात स्वतःचे स्नायू अगदी थोडे, त्यामुळे ते वरून येणाऱ्या रक्तावरच जगतं. माणूस थांबला की शरीराचं उष्णतेचं उत्पादन शंभरेक वॅटपर्यंत उतरतं, छातीपोटातली ऊब राखण्यासाठी बोटांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाय वाऱ्यावर सोडला जातो. त्या मधूनमधून पुन्हा थोड्या उघडतात, हे थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिलं; पण सगळं शरीरच गारठलेलं असेल तर हा दिलासाही क्षीण होतो. अशा वेळी बूट कितीही जाड असला तरी उपयोग नाही. थर्मॉसमध्ये गार पाणी ओतलं तर ते गारच राहतं.

बसून राहणं हीच सक्ती असलेला पहिला मोठा समूह म्हणजे वैमानिक. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं आणि पहिल्या महायुद्धातली विमानं उघड्या कॉकपिटची होती. ब्रिटिश वैमानिक लॅनो हॉकर यांनी मांडीपर्यंत पोचणारे मेंढीच्या कातड्याचे बूट तयार करवले, तो उष्णतारोधनाचा शेवटचा टप्पा म्हणता येईल. युद्धाच्या अखेरच्या काळात तारा बसवलेले कपडे, हातमोजे आणि बूट आले आणि त्यांना वीज मिळे ती विमानाबाहेर वाऱ्याने फिरणाऱ्या डायनामोतून. तारेचा प्रश्न तोवर सुटलेला होता. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळालं होतं. आपल्या टोस्टरमधली लाल होणारी तार त्याच घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांत कुशीच्या उघड्या खिडक्यांशी मशीनगन घेऊन उभे असलेले सैनिक पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशांत तासन्‌तास काढत. इंग्लंडमधून उडणाऱ्या आठव्या हवाई दलात सुरुवातीच्या काळात हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्या शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांहून जास्त होती. त्यांना दिलेल्या एफ-१ या पहिल्या तापत्या पोशाखाची जोडणी एकसर होती. एखादी तार तुटली की हात, पाय, छाती सगळंच एकदम गार पडे. पुढच्या एफ-२ आणि एफ-३ पोशाखांत समांतर जोडणी आली. हा धडा जीव गमावून शिकलेला आहे, म्हणून त्याची नोंद मला महत्त्वाची वाटते.

या साऱ्यांत वीज विमानाची होती, माणसाच्या अंगावर तिचा भार नव्हता. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारसायकलस्वारांसाठी तापणारे कपडे निघाले, तेही गाडीच्याच विजेवर. स्वारही वैमानिकासारखाच वाऱ्यात बसून असतो. यंत्राशी बांधणारी ही तार तोडायचा एक व्यापारी प्रयत्न त्याच्या थोडा आधीचा: पोटरीशी टॉर्चचे मोठे सेल अडकवलेले पायमोजे. ते कोणासाठी होते हे पाहण्यासारखं आहे. हरणांची वाट पाहत दबा धरून बसणारे शिकारी, मासेमार आणि मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेले प्रेक्षक, म्हणजे पुन्हा न हलणारीच माणसं. त्या सेलमधलं रसायन पाण्यावर चालणारं असल्याने ऐन थंडीतच त्याचा जोर ओसरे.

इथे एक सबळ आक्षेप उभा राहतो. कोरियातल्या चोसिन तलावाच्या लढाईत, १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अमेरिकी सैनिकांचा चालताना आलेला घाम थांबल्यावर बुटातच गोठला आणि हजारोंना हिमदंश झाला. त्यातून दोन रबरी थरांमध्ये लोकर हवाबंद करून ठेवलेले गलेलठ्ठ बूट आले. त्यांचा पांढरा प्रकार उणे ५४ अंशांपर्यंतच्या थंडीसाठी होता आणि त्याला एक सेलही लागत नाही. मग तारांची उठाठेव कशाला? हे बूट उत्तम आहेत यात वाद नाही, पण त्यांत पाय स्वतःच्याच घामात भिजत राहतो आणि एवढा जाड, ढगळ बूट सगळीकडे चालत नाही. १९६० च्या दशकात स्कीइंगचे बूट कडक प्लास्टिकचे झाले. त्यांत पाय घट्ट आवळलेला हवा, नाहीतर स्कीवर ताबा राहत नाही. लोकरीला जागाच उरली नाही, आणि वर जाताना दोरमार्गाच्या खुर्चीत लोंबकळत बसणं आलं. जागा नाही आणि हालचालही नाही, अशा बुटात दोन-तीन मिलिमीटरच्या सुकतळ्यातून येणारी ऊब हाच व्यवहार्य मार्ग होता. या बुटाला वीज मिळाली ती चैन म्हणून, असं म्हणणाऱ्यांनी ही अडचण पाहिलेली नसते.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पट्टीएवढ्या पाकिटात तासांची ऊब मावू लागली. तिच्यातला द्रव पाण्याचा नसतो, त्यामुळे ती थंडीत जुन्या सेलपेक्षा बरी टिकते. तरी उणे वीसला तिचीही ताकद घटते आणि शून्याखाली चार्ज केली तर लिथियमचा धातूरूप थर साचून ती कायमची बिघडते. म्हणून जाणते कारागीर बॅटरी बुटाच्या टाचेत न दडवता पोटरीवर, कपड्यांच्या आत बांधायला देतात. खरी कसोटी मात्र तारेची असते. प्रत्येक पावलागणिक सुकतळा चवड्यापाशी वाकतो आणि तार तिथेच थकून तुटते, म्हणून तापणारा भाग त्या वाकेच्या पुढे, बोटांखाली ठेवतात आणि वाक ओलांडणारी जोडतार अनेक बारीक धाग्यांची घेतात. तापमानालाही मर्यादा आहे: मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७ साली दाखवलं, की त्वचेचा पृष्ठभाग ४४ अंशांवर सहा तास राहिला तरी भाजतो. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे त्यांना हा चटका कळतही नाही, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे बूट घालू नयेत.

‘पण एव्हरेस्टवर चढणारे बसलेले कुठे असतात?’ हा दुसरा आक्षेप. आठ हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एकतृतीयांश असतो. एका पावलामागे अनेक श्वास घ्यावे लागतात, स्नायू पुरेशी ऊब निर्माणच करू शकत नाहीत, आणि दोरापाशी रांगेत तिष्ठावं लागतं ते वेगळं. शरीराच्या हिशेबात हा माणूस जवळजवळ थांबलेलाच असतो. एव्हरेस्टच्या १९५३ च्या पहिल्या यशस्वी चढाईत शेवटच्या तळावर एडमंड हिलरींचे रात्री बाहेर राहिलेले बूट गोठून लाकडासारखे झाले आणि पहाटे स्टोव्हवर धरून ते मऊ करावे लागले. तेनझिंग बूट घालूनच झोपले होते. त्याउलट अंतराळात यानाबाहेर काबाडकष्ट करणाऱ्या अंतराळवीराच्या अंगाभोवती गार पाण्याच्या नळ्या फिरवाव्या लागतात, आणि तापवायची ती फक्त हातमोज्यांतली बोटांची टोकं. राबणाऱ्या धडाची ऊब काढून घ्यावी लागते आणि टोकांना ती द्यावी लागते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

म्हणूनच भर चढणीला हे बूट चालू ठेवणं चूक आहे. पाय घामेजतो आणि बॅटरी संपली की तोच ओलावा पायाला गारठवतो. त्यांची खरी गरज थांबलेल्यालाच असते. सियाचिनवर १९८४ पासून भारतीय सैन्य आहे आणि तिथे गोळीपेक्षा हवामानाने जास्त जवान गेले आहेत. तिथल्या पहाऱ्यावरचा जवान आणि बी-१७ च्या खिडकीतला सैनिक यांची थंडी एकाच जातीची आहे, फक्त जवानापाशी विमानाचं इंजिन नाही. त्याच्या चौकीवर इंधन पोचवणंही कष्टाचं असतं. त्याच्यासाठी तापता बूट करायचा तर सुकतळ्याआधी बॅटरी कुठल्या उबेत चार्ज होणार, हे ठरवावं लागेल.